‘काल काय जेवलात?’ असे विचारणाऱ्या डॉक्टरबाई

आमच्या मराठी मंडळाच्या गेल्या दिवाळी अंकात मी डॉ. अंबुजाबाई राव यांच्याविषयी एक छोटे टिपण लिहिले होते. त्यात असे वाक्य होते : ‘डॉक्टरबाईंच्या औषधाने माझ्या आईच्या पित्ताशयातले खडे विरघळले आणि ऑपरेशन टळले.’ हे वाक्य चुकीचे आहे. खडे विरघळलेले नाहीत, ते आजही आईच्या पित्ताशयात आहेत. डॉक्टरबाईंनी खडे विरघळवणारे कोणतेही औषध दिले नव्हते. कळ आली तर घ्यायची एक गोळी दिली होती आणि खाण्याची पद्धत बदलून दिली होती. कळा थांबल्या, आई म्हणाली, “गेलं गं सगळं,” आणि त्या ‘सगळं’मध्ये खडेही आले असे मी धरून चालले. डॉक्टरबाईंना विचारले नाही.

गौरवग्रंथातल्या लेखाची सुरुवात अशी करत नाहीत हे मला कळते. पण संपादकांनी डॉक्टरबाईंच्या पंचाहत्तरीनिमित्त लेख मागितला, तेव्हा मी त्यांची परवानगी विचारायला गेले आणि त्यांनी एकच अट घातली. “छापून चुकलीस ना? मग छापूनच दुरुस्त कर. तेही सुरुवातीलाच. शेवटी टाकलंस तर कोण वाचतंय? लोक पानं उलटून आपला फोटो कुठं आलाय तेवढं बघतात.” मी म्हटले, लेख तर तुमच्याविषयी आहे. त्या म्हणाल्या, “माजं काय लिहायचंय? म्हातारी जाली, एवढंच. पोटाचं लिही. कुणाला तरी उपयोग होईल.”

डॉक्टरबाईंचे मराठी तंजावरचे. शब्द जुने, सूर तमिळ, आणि मध्येच एखादा ‘अय्यो’ किंवा लाडाचा ‘कण्णा’. त्यांच्या घराण्यातल्या कुणी कित्येक पिढ्यांत महाराष्ट्र पाहिलेला नाही. आम्ही मात्र साताऱ्याहून आलेलो. बाबांना मद्रासजवळच्या ‘आवडी’ नावाच्या गावातल्या कारखान्यात नोकरी लागली तेव्हा शाळेचे वर्ष अर्धे संपले होते, मला प्रवेश मिळेना, म्हणून पहिली दोन वर्षे आईनेच मला क्वार्टरच्या स्वयंपाकघरात बसवून शिकवले. तिचा एक नियम होता. चुकलेले पुसायचे नाही. चूक दिसू द्यायची आणि शेजारी बरोबर लिहायचे. तो नियम मी अजून पाळते. आता नोकरी अंबत्तूरला एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे, तिथेही मी पाठवलेली प्रत्येक मेल पुन्हा उघडून वाचते. मैत्रिणी हसतात.

डॉक्टरबाईंचा दवाखाना माझ्या कंपनीच्या मागच्या गल्लीत आहे. त्या राहतात अड्यारला, पण तरुणपणी अंबत्तूरच्या कारखान्यांतल्या कामगारांसाठी उघडलेला दवाखाना त्यांनी कधी हलवला नाही. मी तिथे पहिल्यांदा गेले ती जेवणाच्या सुट्टीत, घाईत. आईला महिन्या-महिन्याने पोटात दुखायचे. तिची नेहमीची गोळी संपली होती.

“आईसाठी ॲसिडिटीची गोळी लिहून द्याल का?” मी विचारले.

“आई कुठं?”

“घरी. आवडीला.”

“मग तपासू कुणाला? तुला? तुजं पोट तर बरं दिसतंय.”

मी म्हटले, तिला नेहमी हेच होते, ती येणार नाही. डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवले. “न बघितलेल्या पोटाला मी गोळी देत नाही, कण्णा. शनिवारी घेऊन ये. नाही आली तर मीच येईन, मग तिला मला कॉफी द्यावी लागेल.” या एका वाक्यात मला त्यांची काम करण्याची सगळी रीत दिसली, पण ते पुष्कळ नंतर. त्या दिवशी मला फक्त राग आला होता.

शनिवारी आई आली. डॉक्टरबाईंनी विचारले, “काय जालं?”

“काही नाही हो, पित्त होतं मला. पहिल्यापासूनच.”

“कुठं दुखतं ते बोटानं दाखवा.”

आईने बोट न ठेवता अख्खा तळवा ठेवला. छातीच्या खाली मध्यभागी, मग उजव्या बरगडीखाली. मग हात मागे वळवून ती उजव्या खांद्याच्या फऱ्याकडे पोचायचा प्रयत्न करू लागली. “इथंही दुखतं. पण ते धुणं वाळत घातल्यानं असेल.”

 डॉक्टरबाईंनी आधी आईच्या हृदयाचा आलेख काढून घेतला. मी घाबरले. त्या म्हणाल्या, “पोटाच्या वरच्या अंगाला दुखतंय म्हणणाऱ्या माणसाचं मी आधी हृदय बघते. ते बरं आहे कळलं की मग निवांत पोटाकडे.” आलेख चांगला आला. मग त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि तो प्रश्न विचारला, जो अंबत्तूरच्या निम्म्या लोकांना त्यांनी कधी ना कधी विचारला असेल.

“काल काय जेवलात?”

“काल? भात, आमटी.”

“काल दुखलं?”

“नाही.”

“दुखलं त्या दिवशी काय जेवला होतात?”

“साबुदाण्याची खिचडी.”

“त्याच्या आधी दुखलं तेव्हा?”

“खिचडीच. आणि दाण्याची आमटी.”

“त्याच्याही आधी?”

आई ओशाळली. “वडे. साबुदाण्याचे.”

“अय्यो! साबुदाणा करतो आम्ही इकडं सेलमला, आणि संपवता सगळा तुम्हीच काय?”

आई इतकी हसली की तिने पदर तोंडाला लावला. “नाही हो, रोज नाही. संकष्टी असते ना.”

मग सगळे बाहेर आले. आईची संकष्टी कडक असते. दिवसभर काही नाही, चहासुद्धा नाही. चंद्रोदय झाला की नैवेद्य आणि मग उपास सोडायचा, तो आमच्या घरी तुपातल्या खिचडीने आणि वड्यांनी. दुखायला लागायचे ते त्यानंतर. सुरुवात हळू, मग कळ वाढत जाऊन तिथेच ठाण मांडायची, आईला ना बसू द्यायची ना आडवे पडू द्यायची. कधी उलटी व्हायची, आणि काही वेळाने सगळे आपोआप ओसरायचे. आम्ही घरातल्यांनी याचा अर्थ काढला होता की दिवसभर पोट रिकामे राहिल्याने दुखते. म्हणून पुढच्या संकष्टीला आई खिचडीत तूप वाढवायची आणि मी आग्रह करून एक वडा जास्त वाढायचे.

डॉक्टरबाईंनी ते शांतपणे ऐकून घेतले आणि समजावले. यकृत पित्त तयार करते, पित्ताशय ते साठवून ठेवते, आणि तेलतूप पोटात गेले की पिशवी आवळून ते सोडते. दिवसभर पोटात काही गेले नाही की पित्त पिशवीत साचून दाट होत राहते. वर्षानुवर्षे असे झाले की खडे व्हायला मदत होते. आणि मग एकदम तूप आणि दाणे पडले की पिशवी जोरात आवळते, खडा तोंडाशी अडकतो. कळ येते ती त्याची. खडा मागे सरकला की कळ जाते, आणि माणसाला वाटते, बरे झाले. “बरं जालेलं नसतं. खडा आत जाऊन बसलेला असतो, एवढंच.”

निघताना त्यांनी विचारले, “चंद्र कधी उगवतो ते कुठं बघता?”

“कॅलेंडरवर. साताऱ्याहून येतं दरवर्षी.”

“त्यात वेळ मुंबईची असते. मद्रासचा चंद्र अर्धा तास तरी आधी येतो. तो पाण्याच्या टाकीवर येऊन उभा असतो आणि तुम्ही आत त्याची वाट बघत उपाशी!”

इतकी वर्षे आवडीत राहून हे आमच्या कुणाच्या लक्षात आले नव्हते. आईला खडे असतील या शंकेपेक्षा या गोष्टीचे जास्त वाईट वाटले असावे. 

सोनोग्राफीला डॉक्टरबाई स्वतः बरोबर आल्या. खरे तर गरज नव्हती. पण आईचे तमिळ भाजीवाल्यापुरते, आणि तपासणीच्या खोलीत मला आत सोडणार नव्हते. डॉक्टरबाईंनी बाकावर बसून आईकडून एक वाक्य घोकून घेतले : “इंगे वलिक्कुदु.” म्हणजे इथे दुखते. आई ते म्हणत आत गेली. बाहेर आली तेव्हा डॉक्टरबाईंच्या मांडीवर आईची पर्स होती. रुग्णाची पर्स सांभाळत बसलेले डॉक्टर मी त्याआधी पाहिले नव्हते.

खडे होते. एकापेक्षा जास्त. डॉक्टरबाईंचे मत तेव्हाच स्पष्ट होते आणि त्यांनी ते स्पष्टच सांगितले : पोटात खडे नुसते पडून असतील, त्रास देत नसतील, तर बहुतेकांचे ते तसेच राहू देता येतात, पण कळा येऊ लागल्या की पित्ताशय काढणे हा उपाय. दुर्बिणीतून करतात. आईने मान हलवली आणि घरी येऊन “बघू” म्हणाली. बाबांनी फोनवर आलेला एक निरोप मोठ्याने वाचून दाखवला : लिंबाचा रस आणि तेल पेलाभर प्या, खडे पडून जातात. मी तो डॉक्टरबाईंना पाठवला. उलट फोन आला. “तुज्या बाबांना सांग, तेलाचा पेला म्हणजे शंभर वडे एकदम खाल्ल्यासारखं. ती पिशवी आवळून खडा नळीत ढकलला गेला तर कावीळ होईल, स्वादुपिंड सुजेल. ते तेल दिव्यात घाला.” बाबांनी पेला खाली ठेवला.

आई ऑपरेशनला तयार होईना, तेव्हा डॉक्टरबाईंनी तिला उपास सोडायला मात्र कधी सांगितले नाही. ही गोष्ट मला त्यांच्याविषयी सगळ्यात आधी सांगावीशी वाटते. मी त्यांना एकांतात म्हटले होते, तुम्ही ‘उपास बंद’ असे लिहून द्या, ती तुमचे ऐकेल. त्या म्हणाल्या, “उपास कुणासाठी करतात त्या?” मला सांगावे लागले. आधी माझ्या नोकरीसाठी होता. नोकरी लागली. आता माझ्या लग्नासाठी आहे.

“म्हणजे तुजं लग्न होईपर्यंत आईचं पोट दुखणार?”

 बोलून गेल्यावर त्यांच्याच ते लक्षात आले. त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला आणि म्हणाल्या, “जे तुज्यासाठी करतात ते मी कसं बंद करू? पद्धत बदलू.” दिवसा फळ, ताक, एखादे राजगिऱ्याचे थालीपीठ, नावापुरत्या तेलावर. रात्री वरीचे तांदूळ, मऊ. तूप वासापुरते. वडे नाहीत. आणि चंद्र मद्रासचा. आईने मानले. महिन्यांमागून महिने गेले, कळ आली नाही. त्या शांततेत मी दिवाळी अंकातले ते वाक्य लिहिले.

त्याचे काय झाले ते मंडळातल्या काहींना माहीत आहे. अंक वाचून एक गृहस्थ ठरलेले ऑपरेशन रद्द करून डॉक्टरबाईंकडे आले आणि ‘ती विरघळवायची गोळी’ मागू लागले. डॉक्टरबाईंनी त्यांना बसवून घेतले, काल काय जेवलात ते विचारले, त्यांच्यासमोरच सर्जनना फोन लावला आणि ऑपरेशनची तारीख पुन्हा घेऊन दिली. ते आता बरे आहेत. मला त्या एक शब्दही बोलल्या नाहीत. लेखाची परवानगी विचारायला गेले तेव्हाच मला हे कळले.

पण त्या अंकाचा खरा उपयोग करून घेतला तो माझ्या आईने. गेल्या महिन्यात ओळखीच्यांच्या लग्नाला जाऊन आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाहिले, ती ओट्याला धरून उभी होती आणि वरच्या फळीवरचा डबा डाव्या हाताने काढत होती. आई उजव्या हाताची आहे.

“दुखतंय?”

“नाही.”

“आई.”

“रात्री दुखलं थोडं. गेलं आता.”

मी ऑपरेशनचे नाव काढताच ती कपाटातून दिवाळी अंक घेऊन आली. “हे काय आहे? खडे विरघळले. तूच लिहिलंयस. आणि खोटं लिहायला मी तुला शिकवलेलं नाही.”

ते चुकले आहे असे मी हजारदा सांगितले. ती म्हणे, तेव्हा बरोबर होतं, आता घाबरून चुकलं म्हणतेस. तेव्हापासून माझे चित्त ठिकाणावर नाही. सकाळी ती खिडकीशी चहा पिते तेव्हा मी तिच्या डोळ्यांचा पांढरा भाग पाहते. ऑफिसातून फोन करून विचारते, ताप नाही ना? थंडी नाही ना वाजली? ती म्हणते, “कामं नाहीत का तुला?” डॉक्टरबाईंनी मला खुणा पाठ करून घेतल्या आहेत, आई पाढे पाठ करून घ्यायची तशा, आणि त्या इथे लिहायला सांगितल्या आहेत : कळ काही तासांत ओसरली नाही, थंडी वाजून ताप आला, डोळे किंवा लघवी गडद पिवळी झाली, शौचाचा रंग मातकट पांढरा झाला, उलटी थांबेना, तर घरगुती काही करत बसायचे नाही, फोनवर विचारतही बसायचे नाही, इस्पितळ गाठायचे. यातले अजून काही झालेले नाही. होऊ नये म्हणत मी रोज वाट बघते, आणि वाट बघणे हे काही काम नव्हे, हेही मला कळते.

मी डॉक्टरबाईंना सांगितले. त्या रविवारी त्या आवडीला आमच्या घरी आल्या. या वयात, दुपारच्या उन्हात, स्टेशनपासून रिक्षा न करता चालत, कारण रिक्षावाल्याशी भाड्यावरून पटले नाही. स्वयंपाकघरातच पाट ओढून बसल्या. आईने कॉफी दिली आणि अंक पुढे ठेवला.

“हे बघा. छापलंय.”

डॉक्टरबाईंनी चष्मा लावून वाचले. “कुणी लिहिलं हे?”

“हिनं.”

“हिला लिहायला कुणी शिकवलं?”

“मी.” आईच्या आवाजात थोडा अभिमान होता.

“मग विद्यार्थिनीची चूक जाली. ती तपासायची जबाबदारी कुणाची?”

आईने अंक मिटला. मग तिने तो प्रश्न विचारला, जो बहुधा दोन वर्षे तिच्या मनात होता. “पिशवीच काढली तर पित्त जाईल कुठं?”

डॉक्टरबाईंनी खिडकीतून वर बोट केले. “तुमच्या गच्चीवर टाकी आहे ना? उद्या टाकी फुटली आणि मोटरची नळी थेट खालच्या नळाला जोडली, तर पाणी यायचं थांबेल?”

“नाही. पण धार बारीक येईल. सारखी येत राहील.”

“तसंच. यकृत म्हणजे मोटर. ती चालूच राहणार. थोडे दिवस पोट कुरकुर करेल, एकदम वडे खाता येणार नाहीत. मग शरीराला सवय होते.”

“पण माझी संकष्टी? पुढची गुरुवारी आहे. ती झाली की बघू.” आईचे हे ‘झाली की बघू’ मी सगळ्या संकष्ट्यांना ऐकले आहे.

“मी सर्जनशी बोललेय,” डॉक्टरबाई कॉफीचा शेवटचा घोट घेत म्हणाल्या. “ऑपरेशन गुरुवारीच.”

“संकष्टीला?”

“भूल द्यायची म्हणजे आदल्या रात्रीपासून पोटात अन्न नाही. सकाळी भूल देणारे डॉक्टर सांगतील तेवढं पाणी. दिवसभर तुम्हांला कुणी जेवायला देणार नाही. इतकी कडक संकष्टी तुम्ही घरीसुद्धा केली नसेल. चंद्र उगवला की मी स्वतः सर्जनना विचारून चमचाभर काय द्यायचं ते देईन. उपास मोडला नाही आणि खिचडीही नाही.”

आईने त्यांचा रिकामा पेला उचलला. मग म्हणाली, “आणि नैवेद्य?”

“मोदक हिला करू दे.”

“हिला? हिची उकड आयुष्यात जमली नाही.”

“मग बाप्पा एक दिवस चालवून घेईल. तो तुमच्याइतका कडक नसावा.”

आई हसली, पण हो म्हणाली नाही. नाहीही म्हणाली नाही. आज संध्याकाळी तिने एवढेच विचारले, की इस्पितळात उशाशी गणपतीची छोटी मूर्ती ठेवू देतात का. मी डॉक्टरबाईंना विचारले. त्या म्हणाल्या, “देतात. उदबत्ती तेवढी नको.”

डॉक्टरबाईंविषयी इतर लोक या ग्रंथात मोठ्या गोष्टी लिहितील, आणि त्या खऱ्याच असतील. मला माझ्या घरापुरते ठाऊक आहे. न बघता औषध न देणे, माणसाच्या श्रद्धेला हात न लावता तिच्या कडेने वाट काढणे, आणि चुकलेल्याला न रागावता दुरुस्तीला बसवणे, हे मी त्यांच्याकडे पाहिले. दुसऱ्यांच्या जेवणाची इतकी विचारपूस करणाऱ्या डॉक्टरबाई स्वतः मात्र दुपारचे जेवण रोज चुकवतात. त्यांचा डबा मी संध्याकाळी तसाच भरलेला पाहिला आहे. म्हणून माझी प्रार्थना साधी आहे. त्यांना खूप आयुष्य मिळो, ते निरोगी मिळो, आणि ‘काल काय जेवलात’ असे त्यांना विचारणारे कुणी तरी रोज त्यांच्यासमोर असो. कुणी नसेल तर जेवणाच्या सुट्टीत मी मागच्या गल्लीत आहेच.

हा ग्रंथ सत्काराच्या दिवशी, रविवारी, सगळ्यांच्या हातात पडेल. आई सभागृहात असेल, आणि आपल्या मुलीचा लेख ती आधी वाचेल. तिच्या नियमाप्रमाणे मी चूक पुसलेली नाही. ती वर आहे, शेजारी बरोबर काय तेही आहे, आणि आता हेही छापलेलेच आहे. इस्पितळात खोली सांगून ठेवली आहे, माझी रजा मंजूर झाली आहे, उकडीची पिठी आणली आहे. आईला दाखल करायला मी निघणार ती या रविवारनंतरच्या बुधवारी, संकष्टीच्या आदल्या दिवशी.